इंजिन बंद करायचं नाही : झोजिला, थंडी आणि ट्रकवाले

(एपिसोडचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बोलणं मात्र तसंच ठेवलंय.)

आज इतिहासच सांगणार आहे, पण सुरुवात घरातल्या एका फोनपासून करतो.

मी बारावीत होतो. फेब्रुवारी महिना, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. हिमायतनगरच्या आमच्या घरी रात्री अकराच्या सुमारास आईचा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे माझे मामा. मामा ट्रकवर ड्रायव्हर. इकडून हळद नाहीतर सरकी भरून दिल्लीकडं जायचे, तिथून मिळेल तो माल घेऊन पुढं. त्या खेपेला काश्मीरमधून सफरचंदाच्या पेट्या भरून परत निघाले होते आणि काझीगुंडला अडकले होते. पुढं बर्फ, घाट बंद. अनोळखी नंबर का, तर आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालतच नाही. एका चहावाल्याचा फोन मागून लावला होता.

फोनमध्ये मागं इंजिनची घरघर ऐकू येत होती. आई म्हणाली, "दादा, निघालास का रे? गाडी चालू दिसायली." मामा म्हणाले, "निघतो कुठं! तीन दिस झाले, वाटच बघायलो. बंद केली तर सकाळी सुरू व्हायची नाही, म्हणून चालू ठेवली."

गाडी उभी, आणि इंजिन रात्रभर चालू. मला तेव्हा ते कळलंच नाही. आमच्याकडं थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे शेकोटी करायची, कानाला मफलर बांधायचा आणि नऊ वाजता ऊन आलं की मफलर काढून ठेवायचा. त्या थंडीत बुलेटसुद्धा दोन किकमध्ये सुरू होते. पुढं बीटेक झालं, नोकरी लागली, पण मामांचं ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. आजचा एपिसोड त्या एका वाक्यामुळं केलाय.

आपल्या दारातला रस्ता

आधी नकाशा डोळ्यांपुढं आणा. हिमायतनगरहून इस्लापूर, किनवट करत आदिलाबादला गेलात की एक मोठा चौपदरी रस्ता लागतो. भोकर, भैंसा करत निर्मलला गेलात तरी तोच रस्ता. आमच्याकडची जुनी माणसं त्याला अजून 'सात नंबर' म्हणतात, कारण पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ७ होता. आता तो ४४. एक टोक कन्याकुमारी, दुसरं श्रीनगर. मध्ये जवळजवळ पावणेचार हजार किलोमीटर. म्हणजे आदिलाबादला चहा प्यायला थांबलात आणि उत्तरेकडं तोंड करून सरळ निघालात, तर वळायचं काही काम नाही. नागपूर, झाशी, आग्रा, दिल्ली, जालंधर, जम्मू, श्रीनगर.

श्रीनगरला मात्र रस्ता संपत नाही. तिथून दुसरा निघतो, महामार्ग १. सोनमर्ग, झोजिला, द्रास, कारगिल, लेह. सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. जगात 'उत्तरेतलं ट्रक ड्रायव्हिंग' म्हटलं की लोक अलास्का-कॅनडाचे व्हिडिओ बघतात. आपल्या देशाची उत्तर मात्र इथं आहे, आणि तिथपर्यंतचा बराच रस्ता आपल्या गावाजवळून जातो.

या सगळ्या रस्त्यात खरा दरवाजा एकच, झोजिला. उंची ३,५२८ मीटर. आता गंमत ऐका. त्याच रस्त्यावर पुढं फोटू ला नावाची खिंड आहे, ४,१०८ मीटर उंच. म्हणजे झोजिलापेक्षा जवळजवळ सहाशे मीटर वर. तरी हिवाळ्यात रस्ता बंद पडतो तो झोजिलाला. असं का? तर थंडीत पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राकडून ओलावा घेऊन ढग येतात. हवामान खात्याच्या भाषेत 'वेस्टर्न डिस्टर्बन्स'. ते हिमालयाला अडतात आणि झोजिलाच्या अलीकडच्या अंगाला सगळा माल उतरवतात. पलीकडं लडाख कोरडं ठणठणीत. थंडी भयंकर, पण बर्फ त्या मानानं कमी. म्हणजे एका बाजूला बर्फाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला थंड वाळवंट, आणि दोघांच्या मध्ये ही एक खिंड. आमच्या भाषेत बोलायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. हे एक बंद पडलं की पलीकडची सगळी सिस्टीम डाउन.

१९४८ : एकाच वर्षात दोन गोष्टी

आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ म्हटलं की शाळेतलं झेंडावंदन आठवतं. हैदराबाद संस्थान भारतात आलं, मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, झोजिलाला काय चाललं होतं?

थोडं मागं जाऊ. १९४८ च्या सुरुवातीला लेह वाचवायला तिथं सैन्यच नव्हतं म्हटलं तरी चालेल. फेब्रुवारीत, म्हणजे ऐन बर्फात, पृथी चंद नावाच्या अधिकाऱ्याबरोबर साधारण चाळीस जणांची एक तुकडी श्रीनगरहून निघाली. बहुतेक लाहौल भागातले, बर्फात वाढलेले लोक. त्या दिवसांत झोजिला ओलांडायची हिंमत कुणी करत नसे. हे लोक पायी ओलांडून गेले आणि मार्चमध्ये लेहला पोचले. त्यांच्यासोबत सोनम नोर्बू नावाचा लडाखी इंजिनियर होता. त्यानं गावकऱ्यांना हाताशी धरून लेहला सिंधूकाठी कच्ची धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर डाकोटा विमान उतरवलं. सोबत जनरल थिमय्या बसलेले.

लक्षात घ्या, ही सगळी धडपड कशासाठी, तर रस्ता नव्हता. आणि विमानानं किती माल नेणार?

मग सप्टेंबर. इकडं आपल्याकडं पोलीस ॲक्शन, तिकडं झोजिलावर पायदळाचे हल्ले. समोरचे उंचावर, दगडांच्या आड. हल्ले फसले. हिवाळा जवळ येत होता. खिंड बर्फानं बंद झाली की लेह पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकटं पडणार. तेव्हा थिमय्यांनी ठरवलं की वर रणगाडे न्यायचे. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडून आणायचे होते. वाटेतले पूल कमजोर, म्हणून रणगाड्यांचे वरचे बुरूज काढून ते वेगळे नेले. श्रीनगरमधून नेताना कुणाला कळू नये म्हणून शहरात संचारबंदी. आणि बालतालपासून वरच्या खेचराच्या वाटेचा गाडीरस्ता करायचं काम मद्रास सॅपर्सनी केलं, समोरून गोळीबार चालू असताना.

१ नोव्हेंबर १९४८. बर्फ पडत होता. रणगाडे साडेअकरा हजार फुटांवर चढले. समोरच्या सैन्यानं तिथं रणगाडा दिसेल असं स्वप्नातही आणलं नसेल. खिंड हातात आली. १५ नोव्हेंबरला द्रास, महिनाअखेरीला कारगिलशी जोडणी. मराठवाडा मोकळा झाल्यावर बरोबर दीड महिन्यानं लडाखचा दरवाजा मोकळा झाला.

लढाईच्या पुस्तकांत हे सगळं रणगाड्यांचं पराक्रमगीत म्हणून येतं. मला त्यात दुसरंच दिसतं. झोजिलावर चाकांची गाडी नेता येते हे पहिल्यांदा सिद्ध झालं ते त्या दिवशी. आणि ते थंडीच्या तोंडावर, घाईघाईत सिद्ध करावं लागलं. तेव्हापासून लडाखचं सगळं गणित तेच आहे: बर्फ पडायच्या आत पोचव.

सहा महिन्यांचं किराणा सामान

१९६० मध्ये बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन, म्हणजे बीआरओ, सुरू झालं. काश्मीरकडचं काम प्रोजेक्ट बीकनकडं. १९६२ च्या सुमारास लेहपर्यंत गाड्या जायला लागल्या. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध. नवा कोरा रस्ता इतका अपुरा होता की चुशूलला रणगाडे विमानातून न्यावे लागले.

रस्ता झाला म्हणजे प्रश्न सुटला असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. तो रस्ता वर्षातले जेमतेम सहा-सात महिने चालायचा. मग उरलेल्या महिन्यांचं काय? तर मे ते ऑक्टोबर ट्रकच्या रांगा लावायच्या आणि पूर्ण हिवाळ्याचा साठा वर नेऊन ठेवायचा. सैन्यात याला 'ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग' म्हणतात. पीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल, डिझेल, औषधं, गरम कपडे, दारूगोळा. आपली आजी जशी उन्हाळ्यात पापड, कुरडया, लोणचं करून ठेवायची, वर्षाचं तिखट कांडून ठेवायची, तेच. फक्त पूर्ण जिल्ह्याचं आणि सैन्याच्या तुकड्यांचं. २०२० मध्ये चीनबरोबर तणाव वाढला आणि हजारो जादा सैनिक हिवाळ्यातही वरच राहिले, तेव्हा हा साठा किती महत्त्वाचा आहे ते टीव्हीवरही दिसलं.

आणि हे सगळं नेतं कोण? सैन्याच्या गाड्या नेतात, पण भाड्याचे साधे ट्रकही नेतात. जम्मूचे, काश्मीरचे, पंजाबचे, हिमाचलचे ड्रायव्हर. झोजिलाला रस्ता इतका अरुंद की मोठ्या गाड्यांना बऱ्याचदा एका वेळी एकाच बाजूनं सोडतात. खाली सोनमर्गला, वर द्रासकडं रांगा थांबलेल्या. तुमचा नंबर येईपर्यंत बसा.

हिवाळ्याचा अजून एक धडा १९९९ चा. हिवाळ्यात उंचावरच्या काही चौक्या दोन्ही बाजू रिकाम्या करायच्या. पाकिस्ताननं तीच वेळ साधली. उन्हाळ्याच्या तोंडाला कळलं की द्रासच्या वर तोलोलिंगला समोरचे बसलेत आणि खाली श्रीनगर-लेह रस्ता त्यांना हातावरच्या रेषेसारखा दिसतोय. लढाई चालू होती, पण साठा तर न्यायलाच हवा, नाहीतर पुढचा हिवाळा कसा काढायचा? मग गाड्या रात्री, हेडलाइट बंद करून चालायच्या. एका बाजूला दरी, लाइट नाही, वरून तोफगोळे. कारगिलच्या सिनेमांत ड्रायव्हर किती सेकंद दिसतो, आठवून बघा.

थंडीत ट्रकला काय होतं?

आता येऊ मामांच्या वाक्याकडं. इंजिन बंद का करायचं नाही? हा भाग माझ्या आवडीचा आहे, त्यामुळं जरा सहन करा.

पहिलं, डिझेल. डिझेलमध्ये मेण असतं, पॅराफिन. गरम हवेत ते विरघळलेलं असतं, दिसत नाही. तापमान उतरलं की आधी डिझेल गढूळ होतं, मग मेणाचे बारीक कण फिल्टरमध्ये अडकतात, मग डिझेल घट्ट होत जातं. थंडीत घरातलं खोबरेल तेल बाटलीत गोठतं ना, तसंच. ज्या तापमानाखाली तेल वाहायचंच थांबतं त्याला 'पोर पॉइंट' म्हणतात. भारतीय मानकांनुसार साध्या डिझेलचा पोर पॉइंट उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत आणि हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत चालतो. आपल्या नांदेडला ठीक आहे. द्रासला हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश जातो, कधी त्याच्याही खाली. तिथं टाकीतलं डिझेल सकाळी काय अवस्थेत असेल विचार करा.

ड्रायव्हर लोकांनी यावर आपले उपाय काढले. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं. टाकीखाली शेकोटी करायची. होय, डिझेलच्या टाकीखाली जाळ. ऐकून अंगावर काटा येतो, पण वर्षानुवर्षं हेच चाललंय. आणि तिसरा उपाय मामांचा, गाडी बंदच करायची नाही. इंजिन चालू असलं की न जळालेलं गरम डिझेल परत टाकीत येत राहतं, तेल फिरत राहतं. पण उभा ट्रकही तासाला दोन-तीन लिटर डिझेल खातो. रात्रभराचा हिशोब तुम्हीच करा.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपत रिफायनरीत बनवलेलं, पोर पॉइंट उणे ३३ अंश. म्हणजे रस्ता झाल्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी सामान्य ड्रायव्हरला पंपावर त्या थंडीत चालणारं डिझेल मिळायला लागलं. चांगलंच झालं. पण तोपर्यंतच्या पन्नास हिवाळ्यांत टाकीखाली किती जाळ झाले असतील?

दुसरं, बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरी कडक थंडीत निम्म्याच्या आसपास जोर गमावते. त्याच वेळी इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं. म्हणजे ताकद अर्धी आणि काम दुप्पट.

तिसरं, ब्रेक. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. हवेत बाष्प असतं, ते टाकीत पाणी होऊन साठतं. आपल्याकडं त्याचं फार काही बिघडत नाही. तिथं ते पाणी गोठलं की नळी तुंबते. घाट उतरताना ब्रेक तुंबणं म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं. कंटाळा करून चालत नाही.

चौथं, नवीन गाड्यांचा प्रश्न. २०२० पासून बीएस-६ आलं. बहुतेक नव्या ट्रकमध्ये धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं, ज्याला आपण डीईएफ म्हणतो. ते उणे ११ अंशांना गोठतं. कंपन्या हीटर देतात, पण जुन्या मेस्त्रीच्या हातातली गाडी आता लॅपटॉपशिवाय बोलत नाही. रस्त्यात एरर कोड आला तर करणार काय?

पाचवं, माणूस. उंचीवर हवा विरळ. मनाली-लेह रस्त्यावर तांगलांग ला पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. इंजिनही धापा टाकतं आणि ड्रायव्हरही. डोकं दुखतं, झोप लागत नाही, भूक मरते. आणि सगळ्यात वाईट, थंडी घालवायला बंद केबिनमध्ये स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी लावणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही. तुमच्या ओळखीत कुणी थंड प्रदेशात गाडी घेऊन जात असेल तर एवढं एक तरी सांगा: केबिनमध्ये शेगडी नाही म्हणजे नाही. अगदीच पेटवायची वेळ आली तर काच उघडी ठेवायची आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर काढायची.

तिकडची उत्तर

आता जरा जगाकडं बघू. अलास्कात डाल्टन हायवे आहे, ६६६ किलोमीटर, १९७४ मध्ये तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधलेला. त्याच वाटेवरच्या प्रॉस्पेक्ट क्रीकला जानेवारी १९७१ मध्ये उणे ६२ अंशांची नोंद झाली, अमेरिकेतली आजवरची सगळ्यात कमी. कॅनडात टिबिट ते कॉन्टवॉयटो नावाचा हिवाळी रस्ता आहे. १९८२ पासून दरवर्षी नव्यानं बनवतात, कारण तो बहुतेक गोठलेल्या तळ्यांवरूनच जातो. उन्हाळ्यात रस्ता गायब. वर्षाला जेमतेम दोन महिने, तेवढ्यात हिऱ्यांच्या खाणींचा सगळा माल न्यायचा.

तिथं भरलेल्या ट्रकला ताशी २५ किलोमीटरच्या आसपासची मर्यादा असते. घसरू नये म्हणून असेल असं आपल्याला वाटतं. पण खरं कारण वेगळंय. जड ट्रक बर्फावरून जाताना खालच्या पाण्यात लाट उठते. ठरावीक वेगाला ती लाट इतकी वाढते की बर्फ फुटतो. हे रशियन लोकांना फार आधी, फार वाईट परिस्थितीत कळलं. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडलेला. २२ नोव्हेंबर १९४१ ला लाडोगा तळ्याच्या बर्फावरून पहिले ट्रक निघाले. ड्रायव्हर दार उघडं ठेवून चालवायचे, बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून. उणे तीस अंशांत उघडं दार. बर्फ पुरेसा जाड असूनही गाड्या बुडायला लागल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी मोजमाप करून सांगितलं की वेग बदला.

फरक काय आहे बघा. तिकडं बर्फ हाच रस्ता, त्यामुळं थंडी पडली की काम सुरू. आपल्याकडं रस्ता बर्फाखाली, त्यामुळं थंडी पडली की काम बंद. अजून एक फरक. कॅनडाच्या त्या रस्त्यावर ड्रायव्हर दोन महिन्यांचं काम चांगल्या कमाईचं म्हणून घेतो. आपल्याकडं बहुतेक ड्रायव्हरला पैसे फेरीवर. फेरी पाच दिवसांत झाली काय आणि पंधरा दिवसांत झाली काय, रक्कम तीच.

कुठले दिवस मोजायचे?

झोजिला साफ करायचं काम दोन्ही बाजूंनी चालतं. सोनमर्गकडून प्रोजेक्ट बीकन, द्रासकडून प्रोजेक्ट विजयक. बर्फाच्या भिंती कापत दोन्हीकडची मशीन खिंडीजवळ भेटतात. हिमस्खलन कधीही, म्हणजे साफ केलेलं परत बुजतं. ही माणसं जे करतात त्याला तोड नाही, हे आधीच सांगतो.

पूर्वी खिंड पाच-सहा महिने बंद असायची. २०२३ मध्ये ६८ दिवसांत उघडली, २०२४ मध्ये ३५ दिवसांत आणि २०२५ मध्ये १ एप्रिलला, फक्त ३२ दिवस बंद राहून. बातम्यांत हा आकडा विक्रम म्हणून येतो, आणि तो आहेच. लेहमधल्या आजारी माणसाला, कारगिलमधल्या दुकानदाराला त्याचं मोल विचारा.

पण या आकड्याची दुसरी बाजू मला हा एपिसोड तयार करताना लक्षात आली. पूर्वी डिसेंबरात खिंड बंद म्हणजे बंद. कुणी जायचंच नाही. आता जानेवारीत, फेब्रुवारीतही रस्ता 'चालू' असतो. म्हणजे ज्या दिवसांत पूर्वी झोजिलावर कुणीच नसायचं, त्या दिवसांत आता चाकांना साखळ्या लावलेले ट्रक असतात. बर्फ पडला की चार तास थांबा, रात्र थांबा, दोन दिवस थांबा. बंद दिवस कमी झाले. थांबण्याचे दिवस वाढले की कमी झाले? खिंड किती दिवस बंद होती हे बीआरओ दरवर्षी सांगतं. ड्रायव्हर किती रात्री केबिनमध्ये बसून होता, तो आकडा बातमीत कधी येत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अपटाइम मोजतो. सर्व्हर ९९ टक्के चालू, सगळे खूश. पण रात्री दोनला उठून तो चालू कुणी ठेवला हे डॅशबोर्डवर दिसत नाही. मी स्वतः तो रात्री दोनला उठणारा असतो, म्हणून बोलतोय. फरक एवढाच की मी पांघरुणात बसून लॅपटॉप उघडतो. आणि मला त्या रात्रीचे पैसे मिळतात.

हे फक्त झोजिलाचं नाही. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसानं आणि दरडींनी जम्मू-श्रीनगर रस्ता बंद पडला तेव्हा सफरचंदाचे ट्रक कित्येक दिवस उभे राहिले. पेट्यांमधली फळं सडली, बागायतदार रस्त्यावर आले. आपण कापूस, सोयाबीन पिकवणारी माणसं, त्यांचं दुखणं आपल्याला लगेच कळतं. त्या पेट्यांच्या पुढं केबिनमध्ये बसलेल्या माणसाचं मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

बोगदे आले, आता?

बोगद्यांनी खूप फरक पडलाय, हे खरं. १९५६ मध्ये बनिहालचा जवाहर बोगदा झाला, तेव्हा काश्मीर पहिल्यांदा हिवाळ्यात रस्त्यानं जोडलेलं राहू लागलं. मामा अडकले ते त्याच्याच अलीकडं. २०२१ पासून खाली साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा चालू झाला. मनालीकडं ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा, ९.०२ किलोमीटर. पण त्याच्या पुढं बारालाचा ला, तांगलांग ला आहेतच, त्यामुळं मनाली-लेह रस्ता हिवाळ्यात अजूनही बंद होतो. १३ जानेवारी २०२५ ला सोनमर्गचा बोगदा खुला झाला. आणि खुद्द झोजिलाखाली तेरा किलोमीटरहून लांब बोगद्याचं काम २०२० पासून चालू आहे, काम करणारी कंपनी आपल्या शेजारच्या हैदराबादची.

तो पूर्ण झाला की बालतालची ती चढण इतिहासजमा होईल. १९४८ मध्ये जी खिंड जिंकायला दोन महिने लागले, ती काही मिनिटांत पार. पण बोगद्याच्या पलीकडं द्रासची थंडी तशीच राहणार. डिझेल तसंच गोठणार. आणि रांग लागली तर फेरीवरचा ड्रायव्हर तसाच फुकट थांबणार, कारण तो प्रश्न बोगदा खणून सुटणारा नाही. तो कागदावरचा प्रश्न आहे. गाडी थांबली तर माल पाठवणाऱ्याकडून 'हॉल्टिंग' घ्यायची पद्धत ट्रकच्या धंद्यात आहेच. ती मिळाली तर मालकापर्यंत येते. तिथून पुढं ड्रायव्हरच्या खिशापर्यंतचं अंतर जरा जास्त आहे.

मामांचं काय झालं, ते सांगून थांबतो. सहाव्या दिवशी रस्ता सुटला. गाडी घेऊन ते परत आले. रात्रभर इंजिन चालवून जे डिझेल जास्तीचं जळलं, ते मालकानं त्यांच्या हिशोबातून कापलं. मामा भांडले नाहीत. दुसरी फेरी त्याच मालकाकडून मिळायची होती.

गेल्या महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेसाठी मामा हिमायतनगरला आले होते. आता गाडी सोडलीय त्यांनी, गुडघे गेलेत. मी त्यांना उणे ३३ अंशांच्या डिझेलबद्दल सांगितलं, पोर पॉइंट सांगितला, लाडोगाची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाचेबुवा, हे समदं खरं. पर त्या टायमाला मला एकच ठाऊक होतं. गाडी बंद झाली तर मी बी बंद." आणि हसले.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या घरात, गल्लीत कुणी ट्रकवर असेल, तर त्यांना एकदा विचारा की सगळ्यात जास्त दिवस कुठं थांबलात, आणि त्या दिवसांचे पैसे कुणी दिले. उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, चांगल्या आठवणी पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. काळजी घ्या. भेटू.